चौथा विषय आणि बघण्याची अवजारे

दहावीचा निकाल लागला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी घरांत एक वाद ठरलेला. पोराला पीयूसीला, म्हणजे कर्नाटकातल्या अकरावी-बारावीला, सायन्सला घालायचे, इथवर सगळ्यांचे एकमत. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स हे तीन विषय सुटत नाहीत. भांडण चौथ्यावरून: बायोलॉजी (पीसीएमबी) की कॉम्प्युटर सायन्स (पीसीएमसी). ‘पीसीएमबी घे, नीटपण देता येते आणि सीईटीपण,’ असे मामा म्हणतात. ‘बायोलॉजीचे ओझे कशाला, सरळ पीसीएमसी घे, बंगळूर-पुण्याला नोकरी लागते,’ असे शेजारचे इंजिनिअर सांगतात. अलीकडे तिसरा सूरही ऐकू येतो: एआय आले, कॉम्प्युटरवाल्यांचे दिवस भरले. या सगळ्यात एखादी मुलगी हळूच म्हणाली की मला ग्राफिक्स करायचे आहे, तर तिचे बोलणे तिथेच थांबवले जाते. आपल्याकडे ग्राफिक्स म्हणजे फ्लेक्स, लग्नाचा अल्बम, फार तर सहा महिन्यांचा अ‍ॅनिमेशनचा क्लास. ती कामे प्रामाणिक आहेत, त्यांवर कित्येक घरे चालतात. पण त्या शब्दाचा अर्थ तेवढाच आहे असे धरून आपण मुलांना सल्ले देतो, आणि वादाची सगळी मांडणीच तिथे बिघडते.

माझे म्हणणे आधीच मांडलेले बरे. जीवशास्त्र आणि संगणक यांच्या मधोमध गेली साठ वर्षे एक काम चालू आहे. डोळ्याला दिसू न शकणाऱ्या गोष्टी, म्हणजे प्रथिनाचा रेणू, जनुकसंचातली तीन अब्ज अक्षरे, कवटीच्या आतली पोकळी, माणसाला बघता येतील आणि बघून निर्णय घेता येईल अशा पडद्यावर आणण्याचे. त्याला दृश्यीकरण म्हणा, व्हिज्युअलायझेशन म्हणा. हे सजावटीचे काम नाही. ते विज्ञानाचे अवजार आहे आणि ते घडवणारा माणूस हा शास्त्रज्ञच असतो. ‘बायो की कॉम्प्युटर’ असा प्रश्न सोळाव्या वर्षी घालून आपण नेमक्या याच कामाची वाट बंद करतो, आणि तीही अशा भागात जिथे या कामाला लागणाऱ्या बहुतेक गोष्टी हाताशी आहेत.

जिम केंट यांचे उदाहरण घ्या. हा माणूस मुळात अ‍ॅनिमेशनचे प्रोग्राम लिहिणारा. ऑटोडेस्क अ‍ॅनिमेटर हा १९८०च्या दशकाच्या अखेरचा गाजलेला प्रोग्राम त्यांचा. पुढे ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ केंद्रात जीवशास्त्र शिकायला गेले. २००० साली मानवी जनुकसंचाचे लाखो तुकडे वाचून झाले होते, पण ते सलग जोडलेले नव्हते. केंट यांनी महिनाभरात सुमारे दहा हजार ओळींचा प्रोग्राम लिहिला, दुखणाऱ्या मनगटांना रात्री बर्फ लावत लिहिला, आणि शंभर साध्या पेंटियम संगणकांवर चालवून २२ जूनला पहिली जोडणी पुरी केली. चारच दिवसांनी व्हाइट हाऊसमधून जनुकसंचाची घोषणा झाली. ७ जुलैला तो सगळा मजकूर जगाला खुला झाला. गोष्ट सहसा इथे संपवतात. माझ्या मते ती इथून सुरू होते. नुसती अक्षरे खुली करून कोणाला काय कळणार? तीन अब्ज अक्षरे छापली तर ग्रंथालय भरेल आणि वाचणारा एक मिळणार नाही. केंट यांनी आधी एका सूक्ष्म कृमीच्या जनुकांसाठी एक दर्शक केला होता, तोच वाढवून त्यांनी जीनोम ब्राउझर उभा केला. गुणसूत्रावरची जागा हा एक आडवा अक्ष. त्याच्याखाली एकाखाली एक पट्ट्या: जनुके कुठे आहेत, उंदराशी जुळणारा भाग कोणता, वारंवार येणारा मजकूर कुठला. वेगवेगळ्या प्रयोगशाळांचे निष्कर्ष एकाच ठिकाणी, एकाच मापावर. आजही जगभरचे संशोधक रोज तो उघडतात. मांडणीची ही नजर ग्राफिक्समध्ये वर्षानुवर्षे घासलेल्या हाताची होती.

‘पण यात बायोलॉजी किती, शेवटी पट्ट्याच काढायच्या ना?’ असे कोणी म्हणेल. एकच जागा जवळून बघू. सिकलसेल हा रक्ताचा आजार एका अक्षराच्या बदलाने होतो. पुस्तकात लिहिलेले असते: बीटा-ग्लोबिनच्या जनुकात जीएजीचे जीटीजी झाले, म्हणजे ए जाऊन टी आला. विद्यार्थी अकरावे गुणसूत्र पडद्यावर उघडतो. त्याच्याकडच्या कागदावर जागा लिहिलेली असते ५२,४८,२३२. तिथे काहीच दिसत नाही. कारण तो आकडा संदर्भ-जनुकसंचाच्या जुन्या आवृत्तीतला. नव्या आवृत्तीत तीच जागा ५२,२७,००२ वर आहे, २१,२३० अक्षरे अलीकडे. आवृत्ती जुळवली, तरी शेजारचेच अक्षर दिसते, कारण काही फायलींत मोजणी शून्यापासून सुरू होते आणि काहींत एकापासून. तेही सुधारले. आता बदल दिसतो, पण टीचा ए झालेला! पुस्तक उलटे सांगते. इथे नवखा माणूस यंत्राला दोष देतो. खरी गोष्ट अशी की हे जनुक डीएनएच्या दोन धाग्यांपैकी उलट्या धाग्यावर लिहिलेले आहे, आणि पडदा सुलटा धागा दाखवतो. ए-समोर टी असतो, म्हणून तो बदल आरशातल्यासारखा दिसतो. पुढे त्या जागेवर तीस वाचने (यंत्राने वाचलेले डीएनएचे छोटे तुकडे) असतील आणि त्यांतली चौदा-पंधरा बदललेली असतील तर माणूस वाहक आहे. पण बदललेली सगळी वाचने एकाच दिशेची असतील, किंवा बदल प्रत्येक वाचनाच्या टोकालाच येत असेल, तर तो बहुधा बदल नाहीच, यंत्राची नाहीतर जुळणीची चूक आहे. म्हणून दर्शक करणारा माणूस वाचनांच्या दोन दिशांना दोन रंग देतो. हा निर्णय रंगाऱ्याचा की शास्त्रज्ञाचा? जीवशास्त्र कळल्याशिवाय तो सुचणार नाही, आणि प्रोग्राम लिहिता आल्याशिवाय पडद्यावर येणार नाही.

चित्राला कमी लेखण्याची सवय सीमाभागातल्या माणसाला तरी शोभत नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून आपण एका नकाशाशी भांडतो आहोत. १९६६ ला महाजन आयोग नेमला गेला, १९६७ ला अहवाल आला, २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. आणि या सगळ्या काळात मराठी बाजूचे पहिले सूत्र राहिले ते ‘खेडे हा घटक’. का? कारण जनगणनेचे तेच आकडे तालुक्यागणिक रंगवले तर अख्खा तालुका एका रंगाचा होतो, आणि खेड्यागणिक रंगवले तर तोच तालुका ठिपक्याठिपक्यांचा दिसतो. आकडे बदललेले नसतात, घटक बदललेला असतो. ही गोष्ट इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. जनुकसंचाच्या चित्रात नेमका हाच प्रश्न रोज उभा राहतो. आपल्या देशात आढळणाऱ्या अल्फा-थॅलेसेमिया या रक्ताच्या आजाराच्या एका प्रकारात सुमारे ३,७०० अक्षरांचा तुकडा गळालेला असतो. गुणसूत्राच्या जोडीपैकी एकावरच तो गळाला असेल, आणि चित्र काढणाऱ्याने एक लाख अक्षरांचा घटक धरून वाचनांच्या संख्येची सरासरी काढली असेल, तर आलेखात दोन टक्क्यांहूनही कमी खड्डा पडतो. कोणाच्या डोळ्याला तो दिसणार नाही. पाचशे अक्षरांचा घटक धरला की सलग सात घटक निम्म्यावर आलेले दिसतात. (प्रत्यक्षात तिथली दोन जनुके जवळजवळ सारखी असल्याने वाचने कुठली कुठे बसतात, तो घोळ वेगळाच.) मग घटक कोणी ठरवायचा? सॉफ्टवेअरमध्ये जो आपोआप येतो तोच चालवायचा?

आणि चित्राने पुरावा उभा केल्याचे उदाहरण शोधायला परदेशात जायलाही नको. १९६३ साली मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन, सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन यांनी एक साधा चौकोन मांडला. आडव्या आणि उभ्या अक्षावर प्रथिनाच्या साखळीतले दोन कोन, दोन्हीकडे उणे १८० ते अधिक १८० अंश. अणू एकमेकांवर आदळू नयेत एवढी एकच अट घातली, आणि त्या चौकोनाचा मोठा भाग बाद झाला. उरली ती थोडी बेटे. आजही कोणी नवी प्रथिनरचना जाहीर केली की तिच्यातला एकेक घटक ठिपका म्हणून या चौकोनात टाकून बघतात. ठिपके बेटांबाहेर पडले तर रचनेत चूक असण्याची शंका घेतात. (ग्लायसीन हा सगळ्यांत लहान घटक, त्याला बाहेर हिंडायची मुभा आहे.) रामचंद्रन यांनीच पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत मॉलिक्युलर बायोफिजिक्स युनिट उभे केले. म्हणजे आपल्याच राज्यात या कामाचे मोठे घराणे आहे, आणि पीयूसीच्या वादात त्यांचे नाव कोणी काढत नाही.

आता समोरच्या बाजूचे मुद्दे. त्यातला सगळ्यांत वजनदार मुद्दा पालकांचा नाही, शास्त्रज्ञांचा आहे: चित्र फसवते. आकड्यांशी थेट भिडावे, रंगीत पडद्यावर विसंबू नये. हे मी पूर्ण मान्य करतो. इतके मान्य करतो की माझा सगळा युक्तिवाद त्याच्यावरच उभा आहे. हार्वर्डमध्ये २०११ साली हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या चित्रांची चाचणी घेतली गेली. वाहिन्या त्रिमितीत, इंद्रधनुष्याच्या रंगांत दाखवल्या तेव्हा बघणाऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना धोक्याच्या जागांपैकी ३९ टक्केच सापडल्या. त्याच वाहिन्या सपाट मांडल्या आणि रंगपट्टी बदलली, तेव्हा ९१ टक्के. माहिती तीच, माणसेही त्याच शिक्षणाची. इंद्रधनुष्यात पिवळा रंग डोळ्यात भरतो म्हणून तिथे काही नसले तरी कड दिसते, आणि हिरव्याच्या पट्ट्यात फरक असूनही दिसत नाही. शिवाय लाल-हिरवा भेद न कळणाऱ्यांना यातले बरेचसे गढूळच दिसते. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत कास्टिंगचे सिम्युलेशन बघणाऱ्यांना याचाच दुसरा अवतार माहीत असेल. धातू कुठे शेवटी गोठतो हे रंगात दिसते, लाल भागात पोकळी पडायचा धोका. रायझर (गोठताना जादा धातू पुरवणारी साच्यातली जागा) बदलून दोन डिझाइने शेजारी ठेवली तर दोन्हींत तेवढाच लाल दिसतो. कारण सॉफ्टवेअरने प्रत्येक चित्राची पट्टी त्याच्या-त्याच्या कमाल-किमान आकड्यांवर ताणलेली असते. एकीकडे लाल म्हणजे ४० सेकंद, दुसरीकडे ७०. पट्टी दोन्हींना एकच बांधली की फरक उघडा पडतो. जनुके किती सक्रिय आहेत हे दाखवणाऱ्या रंगीत तक्त्यातही प्रत्येक ओळ स्वतंत्र ताणली, तर १ वरून २ झालेले जनुक आणि १,००० वरून २,००० झालेले जनुक हुबेहूब सारखी दिसतात. चित्र फसवते, म्हणूनच ते काढणारा जाणता हवा. दुर्बिणीच्या भिंगात दोष निघाला तर भिंग नीट घासणारा माणूस शोधतात. दुर्बीण सोडून देत नाहीत.

बेळगावच्या शहापूर, वडगाव, खासबागेतल्या विणकरांना हे मी निराळ्या शब्दांत सांगायची गरज नाही. जॅकार्ड मागाची नक्षी आलेखाच्या कागदावर काढतात. उभी ओळ म्हणजे ताण्याचा धागा, आडवी ओळ म्हणजे बाण्याची एक फेक. प्रत्येक आडव्या ओळीचा एक पुठ्ठा. जिथे भोक, तिथे धागा उचलला जातो. पडद्यावरचा पिक्सेल हा याच चौकोनाचा वंशज आहे. फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमारास आलेल्या या मागाचे भोकांचे पुठ्ठेच पुढे संगणकाने उचलले. आता कापडात इंचाला ८० उभे आणि ६० आडवे धागे असतील, आणि कोणी चौरस चौकटीच्या कागदावर ८० बाय ८० चा गोल बुट्टा काढला, तर तो विणल्यावर एक इंच रुंद आणि एक पूर्णांक एक तृतीयांश इंच उंच होतो. गोलाचे अंडे. म्हणून जाणकार नक्षीवाला कागदाची चौकटच ४ ला ३ अशी घेतो. सीटी स्कॅनच्या चित्रात नवखा प्रोग्रामर नेमके हेच अंडे काढतो. एका कापात ५१२ बाय ५१२ ठिपके, ३६० मिलिमीटरच्या रुंदीवर पसरलेले, म्हणजे ठिपका साधारण ०.७ मिलिमीटरचा. काप मात्र ५ मिलिमीटर अंतरावर. साठ काप म्हणजे ३०० मिलिमीटर धड. तिन्ही बाजूंचे माप १ धरून चालवले की पाचशे बारा रुंदीचा, साठ उंचीचा चपटा माणूस पडद्यावर येतो. ही चूक लगेच दिसते, म्हणून ती बरी. न दिसणाऱ्या चुका घात करतात. डोळ्याच्या खोबणीचा तळ काही ठिकाणी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास पातळ असतो. ५ मिलिमीटरच्या कापात त्या हाडाची घनता वरच्या चरबीत आणि खालच्या हवेत मिसळून जाते. हाड म्हणून आपण ठरवलेल्या आकड्याच्या खाली ती गेली की पडद्यावर तिथे भोक दिसते. हाड मोडलेले नसते, पण चित्रात फ्रॅक्चर असते.

स्कॅनमधून हाडाचा पृष्ठभाग काढायची जी रीत आजही सर्वत्र वापरतात, ती १९८७ साली जनरल इलेक्ट्रिकमधल्या लोरेन्सन आणि क्लाइन यांनी मांडली. आठ शेजारी ठिपक्यांचा एक घन घ्या. प्रत्येक कोपरा हाडाच्या आत की बाहेर ते बघा. २५६ शक्यता होतात, त्या सारखेपणाने १५ वर येतात. प्रत्येकीसाठी पृष्ठभागाचे त्रिकोण ठरलेले. किती सुटसुटीत! आणि तरी त्या पहिल्या तक्त्यात एक खोट निघाली. घनाच्या एका बाजूचे समोरासमोरचे दोन कोपरे आत आणि दोन बाहेर असले तर जोडणी दोन तऱ्हांनी होऊ शकते; शेजारच्या दोन घनांनी वेगवेगळी निवडली की पृष्ठभागाला चीर पडते. वर्षभरातच ती दाखवली गेली आणि पुढे दुरुस्तही झाली. यंत्राच्या चिरेत आणि हाडाच्या चिरेत फरक कोण सांगणार? ज्याने ती रीत आतून बघितली आहे तोच.

दुसरा मुद्दा नोकऱ्यांचा. इथे मी पालकांच्या बाजूचा आहे, निदान अर्धा. या कामाच्या जागा थोड्या आहेत. बहुतेक ठिकाणी एमएस्सी, पुष्कळदा पीएचडी मागतात. सुरुवातीचा पगार मोठ्या आयटी कंपनीतल्या पगारापुढे फिका पडू शकतो. आणि २००० नंतर जनुकसंचाच्या लाटेत देशभर बायोइन्फॉर्मेटिक्सचे अभ्यासक्रम निघाले, त्यांतून बाहेर पडलेल्या अनेकांची फरपट झाली, हेही खरे. पण ती का झाली, हे कोणी विचारत नाही. त्यातल्या बऱ्याच ठिकाणी मुलांना दुसऱ्याने केलेल्या वेबसाइटवर अक्षरे चिकटवून बटण दाबायला शिकवले गेले. जीवशास्त्र अर्धे, प्रोग्रामिंग पाव, गणित जवळजवळ नाही. अवजार वापरणे आणि अवजार घडवणे यांत उद्यमबागेतल्या कोणत्याही टूलरूममध्ये केवढा फरक मानतात! आयबीएमच्या सिस्टीम/३६० या संगणकमालिकेच्या कामाचे प्रमुख राहिलेले फ्रेडरिक ब्रूक्स यांनी १९६४ साली नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात संगणकशास्त्राचा विभाग सुरू केला आणि पुढे अनेक वर्षे प्रथिनांच्या रेणूंच्या चित्रणावर काम केले. संगणकशास्त्रज्ञ हा अवजारे घडवणारा आहे, त्याने दुसऱ्या शास्त्राच्या खऱ्या प्रश्नाला भिडावे आणि त्या शास्त्रज्ञाचे काम सोपे झाले का यावरच स्वतःचे यश मोजावे, हा त्यांचा आग्रह होता. अशा माणसाला पुढे एकाच दारावर उभे राहावे लागत नाही. ज्याला ४ बाय ४ च्या मॅट्रिक्स, जीपीयूचे (चित्रांच्या चिपचे) प्रोग्रामिंग आणि लाखो त्रिकोणांचे व्यवस्थापन येते, त्याला वैद्यकीय यंत्रे, कास्टिंगचे सिम्युलेशन, विमानाचे सुटे भाग, नकाशे असे कुठेही काम आहे. जीवशास्त्र ही त्याच्या कामाची दिशा. हातातले कसब अनेक दिशांना चालते.

मग एआयचे काय? अल्फाफोल्ड या एआय प्रोग्रामने प्रथिनांच्या रचना ओळखल्या, २०२२ पर्यंत वीस कोटींहून अधिक रचना खुल्या झाल्या, २०२४ चे अर्धे रसायनशास्त्राचे नोबेल त्या कामाला मिळाले. आता रेणू बघायला माणूस कशाला? त्या रचना उघडून बघा. साखळीला चार रंग असतात. गडद निळा म्हणजे विश्वास ९० च्या वर, फिका निळा ७० ते ९०, पिवळा ५० ते ७०, आणि ५० च्या खाली नारंगी. कित्येक प्रथिनांत मधला गाभा निळा असतो आणि बाजूने लांबलचक नारंगी दोऱ्या लोंबत असतात. त्या दोऱ्यांचा आकार खरा मानायचा नसतो. तिथे यंत्राला खात्री नाही, आणि पुष्कळदा त्या भागाला शरीरातही स्थिर आकार नसतो. रंग न वाचता कोणी नारंगी भागातल्या खळग्यात औषधाचा रेणू बसवून बघितला तर महिन्यांचे काम वाया जाते. यंत्राने आकार दिला, पण त्यावर कितपत भरवसा ठेवायचा हे माणसाला कळते ते त्या रंगांमुळे. साधा कोड लिहायचे काम एआय हिरावून घेईल, हे मला मान्य आहे. आलेख काढून देणारी वीस ओळींची स्क्रिप्ट लिहून पोट भरायचे दिवस जात आहेत. पण माहिती जितकी वाढते तितके ती बघण्याचे काम वाढते. १९७१ साली प्रथिनरचनांची जागतिक बँक सुरू झाली तेव्हा तिच्यात सात रचना होत्या. सात रचनांसाठी पितळी सांगाडे पुरत होते. १९८१ साली जेन रिचर्डसन यांनी प्रथिने फितींच्या रूपात हाताने रेखाटली, पीळ म्हणजे गुंडाळलेली फीत, पट्टा म्हणजे बाण, आणि ती लिपी आज प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये आहे. वीस कोटींसाठी कोणती लिपी लागेल? तो प्रश्न अजून मोकळाच आहे.

राहिला भाषेचा मुद्दा. तो मी शेवटी घेतला तरी हलका नाही. गावाकडे मराठी माध्यमातून दहावी झालेल्या मुलाला पीयूसीत एकदम इंग्रजी, कचेरीत कन्नड. त्यात हे नवे काम कुठून शिकायचे? अडचण खरी आहे, पण या विषयाचा गाभा आकृत्यांचा आणि अंकांचा आहे, आणि तो मराठीत समजावता येतो. दहावीच्या निर्देशक भूमितीत अंतराचे सूत्र शिकलेल्या मुलीला तिसरा अक्ष जोडून दाखवला की निम्मे काम झाले. आधी सरकवून मग फिरवले तर वस्तू एका जागी जाते, आधी फिरवून मग सरकवले तर दुसऱ्याच. हे टेबलावर काडेपेटी ठेवून पाच मिनिटांत कळते, आणि ग्राफिक्स शिकणाऱ्यांचे पहिले चार आठवडे ज्या चुकीत जातात ती हीच. इंग्रजी शब्द नंतर चिकटवता येतात. समज आधी मराठीत झाली तर ते पक्के चिकटतात.

जागेचे म्हणाल, तर विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय १९९८ पासून बेळगावात आहे. वैद्यकीय महाविद्यालये आहेत, पारंपरिक औषधांवर काम करणारी आयसीएमआरची राष्ट्रीय संस्था आहे. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला एक सत्र यासाठी ठेवता येईल. लागते काय? सोळा जीबी रॅमचा संगणक. वर सांगितल्या मापाचे पाचशे पातळ काप, प्रत्येक ठिपक्याला दोन बाइट, म्हणजे सगळे मिळून साधारण २६० एमबी. थ्रीडी स्लायसर, पॅराव्ह्यू, आयजीव्ही ही सॉफ्टवेअरे फुकट आहेत. मात्र पहिल्या दिवशी इथल्या रुग्णांचे स्कॅन उघडू नयेत. फाइलीत नाव-वय असते ते पुसले तरी डोक्याच्या स्कॅनमधून त्वचेचा पृष्ठभाग काढला की चेहरा उभा राहतो, आणि गावातला माणूस गावात ओळखू येतो. अमेरिकेने १९९४ ला खुल्या केलेल्या ‘व्हिजिबल ह्यूमन’सारख्या माहितीवर आधी हात बसवावा. पहिला धडा उजव्या-डाव्याचा द्यावा. रुग्णालयाच्या फाइलीत एक अक्ष डावीकडे आणि एक मागे वाढतो, स्लायसरमध्ये तेच उजवीकडे आणि पुढे. दोन्हींची चिन्हे एकदम बदलली तर शरीर नुसते फिरते. एकाचेच बदलले तर आरशातला माणूस तयार होतो आणि दिसायला सगळे ठाकठीक असते. म्हणून काहीही करण्याआधी यकृत उजवीकडे आहे ना, हे बघायचे. दर वेळी. मग हाडाचा उंबरठा, म्हणजे हाड म्हणून धरायचा घनतेचा आकडा, २०० पासून ४०० पर्यंत सरकवून डोळ्याच्या खोबणीतली भोके कशी वाढतात ते वहीत उतरवून घ्यायचे, दहा-वीस लाख त्रिकोणांचा पृष्ठभाग हलका करताना पातळ हाड कधी नाहीसे होते ते मोजायचे. सत्राच्या शेवटी ती चित्रे क्ष-किरण विभागातल्या डॉक्टरांपुढे ठेवायची आणि त्यांना कुठे शंका आली ते लिहून घ्यायचे. गुण त्या शंकांच्या उत्तरांना द्यायचे, चित्राच्या देखणेपणाला नाही.

आणि चौथा विषय? ज्या मुलीला या वाटेने जायचे आहे तिने, मला विचाराल तर, पीसीएमबी घ्यावे. नीट-सीईटीच्या हिशोबापायी नाही. प्रोग्रामिंग घरच्या जुन्या लॅपटॉपवर, सुट्टीत, चुका करत शिकता येते. यंत्र चूक तिथल्या तिथे दाखवते. पेशी, गुणसूत्र, रक्ताभिसरण हे कोणी समोर बसून, स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून शिकवले तर बसते, आणि ती सोय पीयूसीच्या दोन वर्षांनंतर इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला सहजासहजी मिळत नाही. ज्याने आधीच पीसीएमसी घेतले आहे त्यानेही वाट बंद झाली असे समजू नये. त्याने शेजारणीची बायोलॉजीची वही मागून घ्यावी आणि तिला त्या बदल्यात पायथन शिकवावे. गणित मात्र दोघांनीही सोडू नये.